मामांच्या राजीनाम्याबाबत

सोलापूर,
मंगळवार

तीर्थरूप शिवलिंगप्पा मामांच्या चरणी भाचा गुरुशांतचे शरणु शरणार्थी, नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितोय. तब्येत बरी असेलच. परवा फोनवर ज्या दमानं मला शिव्या घातल्यात, त्यावरून छाती ठणठणीत दिसते. गुरम्मा मामींचे गुडघे कसे आहेत? शिवलीला बरी आहे ना? (सहज विचारलं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.) मीही बरा आहे. मेसमध्ये कडक भाकरी मिळते, पण ती मुद्दाम केलेली नसते, परवाची असते.

आता पहिल्यापासून सांगतो. बी.कॉम. झाल्यावर तुम्हीच ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणालात, भाचा असला म्हणून काय झालं, पगार आणि पीएफ असेल त्यालाच शिवलीला देणार. म्हणून मी अकाउंट्स आणि पेरोलच्या या क्लासला आलो. बोर्डावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिलंय. क्लासचे कल्लप्पा सर एका टॉवेल कारखान्याचे पगारही काढतात, म्हणजे आम्ही काढतो आणि सर चहा पितात. याला 'लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणतात. वर्ष झालं मामा, हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, कुणाची उचल कापायची, सगळं मी बघतोय. स्वतःच्या पगाराचं विचारलं की सर म्हणतात, "तू अजून शिकतोयस की." फीचा हप्ता मागताना मात्र मी त्यांना एकदम मोठा माणूस वाटतो.

तर, सरावासाठी आम्हाला एक खोटी कंपनी काढायची असते. बाकीची पोरं तिच्यात नटनट्या भरती करतात. मी घरचीच माणसं घेतली. परक्यांना पगार कशाला द्यायचा? शिवलीला जनरल मॅनेजर, मामी कँटीन प्रमुख आणि तुम्ही वॉचमन. (रागावू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'कुठून आलास, कुणाचा तू' विचारायचं काम तुम्ही तसंही रोज करताच.) फीला जामीन राहिलात तेव्हाची तुमच्या आधारची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. बाकीच्यांचे नंबर मी मनानेच ठोकून दिले, तुमचा तेवढा खरा टाकला. जिथं मन लावून काम केलं, तिथंच नडलं.

पुढं कारखान्याचा खरा वॉचमन बसप्पा गड्ड्याच्या जत्रेला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी नवा माणूस घेतलाय असं सरांनी सांगितलं, नाव काही सांगितलं नाही. "वॉचमनची ओळ भर आणि पीएफ पाठवून दे, आज शेवटची तारीख आहे." खरी आणि खोटी कंपनी एकाच कॉम्प्युटरवर. वॉचमन शोधला, तुम्ही निघालात. मी तुम्हाला तसंच उचलून कारखान्यात बसवलं.

पीएफचा मेसेज तुम्ही लॉटरीवाल्यांचा समजून पुसून टाकलात. मग वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा तुमचा अर्ज परत आला: अर्जदार टॉवेल कारखान्यात नोकरीला आहे. सगळा जन्म मठात वचनं गाण्यात गेला, आणि त्या कारकुनानं चारचौघांत विचारावं, "मालक, आज रात्रपाळी का?" मामींनी हे सांगितलं तेव्हा मला लई वाईट वाटलं. हसू पण आलं, खोटं कशाला बोलू, पण वाईट आधी वाटलं.

सरांना सांगायला गेलो तर ते उलट खूश! क्लासमधून कुणीतरी एकदाचं नोकरीला लागलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. 'आमचे यशस्वी विद्यार्थी श्री. शिवलिंगप्पा', फोटोसकट. (फोटो आधारवरचाच आहे, त्यामुळे यशस्वी कमी आणि फरार जास्त दिसता.) तुमचा पगार कुठं जातो असं विचारलं, तर सरांनी चहा मागवला. मामा, मी रोज त्या फ्लेक्सखालून फुकट राबायला जातो. अंगाचा नुसता तिळपापड होतो. एकही दिवस क्लासला न येता तुम्ही नोकरीला लागलात, आणि मी अजून शिकतोयच.

असो. तुम्ही नेहमी म्हणता तसं, 'होगली बिडू', जाऊ दे. सगळ्यांना शरणार्थी.

तुमचाच,
गुरुशांत

ता. क. तुम्ही सोडून गेल्याशिवाय तुमचं नाव निघत नाही. तुमचा राजीनामा सोबत जोडलाय, त्यात कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलंय. सही करून पाठवा, म्हणजे मानधनाचा अर्ज पुन्हा करता येईल. तो मी स्वतः भरून देतो. (नको असेल तर नाही भरत.)

ता. क. दुसरा. सही याच आठवड्यात करा. तुमची जागा रिकामी झाली की सर ती मला देणार आहेत. हो, वॉचमनचीच. पगार आहे, पीएफ आहे. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, गेटच्या आत की बाहेर ते म्हणाला नव्हतात.

ता. क. शेवटचा. राजीनाम्यावर साक्षीदार लागतो, शिवलीलाची सही चालेल. फक्त कागद घडी घालून तिच्यापुढं ठेवा, वॉचमनची जागा भाच्याला द्यावी असं त्यात लिहिलंय. तिला मी अकाउंटंट झालो म्हणून सांगून बसलोय.