तीन शिट्ट्यांचं उत्तर

१२ ऑक्टोबर, सोमवार

पालो सेको या वाळवंटातल्या गावात आलो आणि पहिल्याच संध्याकाळी ही वही उघडली. नवं काम सुरू केलं की त्याची नोंद ठेवायची, ही माझी सवय. खोली लुपे अर्वायोच्या दुकानामागे आहे. भिंतीतला एसी खडखडत होता. पंख्याचं वाकलेलं पातं सरळ केलं, आता मांजरासारखा गुरगुरतो. लुपे इथल्या वाळवंटी जीप-सहलींची मालकीण. पुढे खजुराचं मिल्कशेक विकते, मागे तिच्या दोन उघड्या जीपा उभ्या असतात. मिल्कशेक इतकं घट्ट की नळी त्यात उभी राहते. दोन प्यायलो.

युमा शहरात सव्वीस वर्षं एसी बसवून मी लोकांची घरं गार केली. वाळवंटातलं जे काही मला कळतं ते वाचनालयात बसून आणि पायी फिरून शिकलो. कॉलेजची पायरी चढलो नाही, त्यावाचून अडलंही नाही. चोपन्नाव्या वर्षी दुकान विकून वाटाड्या झालो म्हणून माझी बायको नदीन अजून धड बोलत नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, युमातच राहिली आहे. एक नोव्हेंबरला माझ्याच सहलीत प्रवासी म्हणून येणार. मन रमलं तर घर विकून इथे यायचं, नाही तर मी मुकाट्याने परत जायचं, असं ठरलंय. मला काळजी नाही. हे वाळवंट मी दाखवलं की कुणालाही आवडेल.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज रामोन किहादाच्या शेजारी बसून सगळी फेरी पाहिली. साठी ओलांडलेला माणूस, लुपेची दुसरी जीप तोच चालवतो. सकाळी रंगीत टेकड्या, मग चिखलाची कुंडं, जिथे राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटतो. दुपारी खाऱ्या तळ्याचा किनारा. लोक ज्याला पांढरी वाळू समजतात तो माशांच्या काट्यांचा चुरा आहे. शेवटी सुईघळ. दोन कड्यांमधली फट, दोन्ही कोपरं घासतील एवढी अरुंद. शेवटच्या वळणावर कुणा जुन्या लोकांनी खडकात कोरलेला मेंढा आहे.

रामोन लोकांना वाटेल ते सांगतो. ओकोतियो या काटेरी झुडपाला त्याने चक्क निवडुंग म्हटलं. मी सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. तो रागावला नाही, हसला.

"लोक फोटो काढायला येतात, प्रोफेसर, परीक्षा द्यायला नाही."

संध्याकाळपर्यंत लुपेही मला प्रोफेसर म्हणू लागली. म्हणू देत.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

उद्यापासून एकट्याने. स्वतःच्या पैशाने नारिंगी शिट्ट्या आणल्या, दर प्रवाशाला एक. जुना नियम आहे आणि तो वाळवंटात प्रत्येकाला पाठ हवा. तीन शिट्ट्या म्हणजे मी संकटात आहे. उत्तरादाखल दोन म्हणजे ऐकलं, येतोय. दोन ऐकू आल्या की जागचं हलायचं नाही.

शिट्ट्या पाहून रामोनचं हसू गेलं. म्हणाला, चिखलाच्या कुंडांवर वाजव, तळ्यावर वाजव, पण सुईघळीत जीपचा एकच लांब भोंगा द्यायचा, माणसं मोजायची आणि निघायचं. आतून काही ऐकू आलं तर ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, त्याच्या आधीचे वाटाडेही असंच करायचे. ही काय पद्धत झाली? कारण माहीत नसलेला नियम मी पाळत नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

फेरी उत्तम झाली. एक गोष्ट नोंदवून ठेवतो.

सुईघळीच्या तोंडाशी आठही प्रवासी जीपमध्ये बसले होते, इंजिन चालू होतं. मी टायर तपासायला बाहेर होतो. आतून तीन शिट्ट्या आल्या. स्वच्छ, सारख्या अंतराने. मी लगेच दोन वाजवल्या आणि पाण्याची बाटली घेऊन आत गेलो. घळीला सात वळणं आहेत, मग सरळ कडा. कुणीही नव्हतं. वाळूत आमच्याच बुटांचे ठसे. परत आलो तर प्रवासी उन्हाने वैतागलेले. शिट्टी त्यांच्यापैकी कुणीच ऐकली नव्हती.

खडकातल्या भोकातून वारा जातो, असा निष्कर्ष काढला. मात्र जीपच्या एरियलला बांधलेली फीत सरळ खाली लोंबत होती, हेही लिहायला हवं.

रामोनला सांगितलं. त्याने टोपी काढली. मग विचारलं, उत्तर दिलंस का? मी हो म्हटलं.

"मग तू येतो म्हणालायस," तो म्हणाला. "आता ते वाट बघणार."

म्हाताऱ्यांच्या गोष्टी.

२१ ऑक्टोबर, बुधवार

चिखलाच्या कुंडांवर तीन शिट्ट्या. तिथे मैलभर खडक नाही, भोक नाही. प्रवाशांकडे पाहिलं. एक बाई चिखलाचा व्हिडिओ काढत होत्या, त्यांचे यजमान सँडविच खात होते. कुणीच मान वळवली नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जावं का? एसीच्या कॉम्प्रेसरजवळ सव्वीस वर्षं गेली, कान वाजणं शक्य आहे. पण वाजणारे कान तीनवर थांबत नाहीत.

२४ ऑक्टोबर, शनिवार

खाऱ्या तळ्यावर. या वेळी पाण्याच्या बाजूने. उत्तर दिलं नाही. रामोन म्हणतो तसंच करायचं ठरवलं: ऐकायचं आणि सोडून द्यायचं. त्याला विचारलं की शेरीफचे पोलीस कधी आत गेले होते का. तो म्हणाला, त्याच्या तरुणपणी कितीदा तरी गेले, काही सापडलं नाही. जे कोण आहे ते फार जुनं आहे. त्याला उत्तर मिळत नाही तोवर ते तिथेच राहतं.

म्हणजे मी त्याला बाहेर काढलं. हे त्याने म्हटलं नाही, मी म्हणतोय.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पेट्रोलपंपावर तीन शिट्ट्या. भर गर्दीत.

नदीनचा फोन आला होता. टोपी कुठली आणू, चालायचं किती, मेंढा खरंच हजार वर्षांचा आहे का. तिचा आवाज खूप दिवसांनी हलका वाटला. म्हणाली, "बघू या तरी, माझा नवरा एवढा कशाने वेडा झाला ते." मी बाकीचं काही सांगितलं नाही. रविवारची सहल सुरळीत झाली पाहिजे. बस एवढंच.

१ नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहितो.

सुईघळीपर्यंत सगळं छान. नदीन हसत होती, कुंडांपाशी माझा हात धरला होता तिने. घळीतून बाकीचे परतले, ती मेंढ्याचा फोटो काढत मागे रेंगाळली, हे मला नंतर कळलं. मी भोंगा दिला. मग आतून तीन शिट्ट्या आल्या. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसलो, समोर बघत. उत्तर दिलं नाही.

पुन्हा तीन. मागे बसलेल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, अहो, हीच ना ती खूण? सकाळी तुम्हीच शिकवली.

मी म्हणालो, वारा आहे.

गेले पंधरा दिवस ती शिट्टी एकट्या मला ऐकू यायची. आज सगळ्यांनी ऐकली. एवढा फरक, आणि मी, बारकाव्यांचा माणूस, तो पाहिला नाही. माणसं मोजली तेव्हा कळलं, एक कमी आहे. नदीन.

आत पळालो. हाका मारल्या. काहीच नाही. शेरीफचे लोक आले, रामोन आला. उजेड असतानाच रामोनला ती सापडली, पाचव्या वळणाच्या कपारीत, मी दोनदा जिथून गेलो तिथेच. घोटा मुरगळलेला. बाकी ठीक. जिवंत आहे, ठीक आहे, हे मला पुन्हा लिहावंसं वाटतंय.

२ नोव्हेंबर, सोमवार

नदीनला तिची बहीण युमाला घेऊन गेली. जाण्याआधी ती माझ्याशी शांतपणे बोलली, तेच जास्त लागलं. म्हणाली, मी तीन वाजवल्या आणि तू लगेच दोन वाजवल्यास. म्हणून शिकवल्याप्रमाणे बसून राहिले. थोड्या थोड्या वेळाने दोन यायच्या, दर वेळी जवळून. शेवटच्या दोन तर माझ्या खांद्याशीच. घाबरले नाही, तू आहेस असं वाटलं.

"मग बोलला का नाहीस, वेंडेल? एवढ्या जवळ येऊन एक शब्द नाही?"

मी सांगू शकलो नाही की मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. ती म्हणाली, झालं ते झालं, आठवडाभरात घरी ये.

मी तिच्या हाकेला गेलो नाही. ते गेलं. रामोन येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलं.

३ नोव्हेंबर

खोलीत. एसीच्या जाळीतून. तीन. एसी बंद आहे, वायर मी स्वतः काढली —

पुन्हा तीन.

४ नोव्हेंबर

आता थांबत नाही. लुपेशी बोलताना, जेवताना. नदीनला फोन केला, तिच्या आवाजामागे, तिच्या घरात — तीन. तिला ऐकू आलं नाही. अजून तरी.

युमाला गेलो तर ते माझ्याबरोबर तिच्या दारात येईल. येतो म्हणालो होतो. त्याने माझ्या जागी उत्तर दिलं, माझं जाणं बाकी आहे. रामोनला विचारलं, बरोबर येशील? म्हणाला, तोंडाशी थांबेन, आत नाही. शब्द तू दिलायस. मला प्रोफेसर म्हणाला नाही. वेंडेल म्हणाला.

५ नोव्हेंबर

सकाळ. लख्ख ऊन. सुईघळीच्या तोंडाशी रामोनने जीपमध्ये बसूनच हात वर केला. मी आत आल्यावर दोन वाजवल्या. आतून तीन. आवाज आनंदी वाटला, असं लिहिणं शास्त्रीय नाही —

सातवं वळण. मेंढा.

कडा नाही. इथे कडा असतो. वाट पुढे जातेय —

आठवं. नववं. वाळूत ठसे नाहीत. मागे वळून पाहिलं, माझेही —

दोन वाजवल्या. आता पलीकडून काही नाही. मी आलोय, म्हणून ओरडलो. काही नाही. मग ते गेलं कुठे? कुणी आलं की त्याला जाता येतं का —

रामोनचा भोंगा. एकच, लांब. खूप दुरून. माणसं मोजली असतील त्याने —

उलट फिरलो. मेंढा लागत नाही. पाणी संपलं. मी, ज्याने ही वळणं मोजली —

तीन वाजवल्या. लाज वाटते लिहायला. तीन. पुन्हा तीन. रामोन, ऐकू आलं तर —

नाही. तो उत्तर देणार नाही. त्याने नियम पाळायलाच हवा.

दोन.

आत्ता. दोन आल्या. तोंडाच्या बाजूने नाही, आतून. उत्तर मिळालं की जागचं हलायचं नाही. मी हललो नाही. बसून आहे, पाठ खडकाला —

पुन्हा दोन. जवळून.

पाठ खडकाला आहे, मागे जागाच नाही, तरी दोन माझ्या खांद्या —