कोचनं दोनदा दही घेतलं

नेपरव्हिल, अमेरिका

माझ्या गुणी शालनला अक्काचा पोटभर आशीर्वाद.

मी इथं मजेत आहे. थंडी आहे, पण सून मला एकावर एक दोन स्वेटर घालते.

आता नात इलाच्या कोचची गंमत ऐक. कॅलम नाव, स्कॉटलंडचा. तिकडं तो फुटबॉलमधला विंगर होता. म्हणजे मैदानाच्या कडेनं सुसाट पळायचं, बॉल मधल्यांना द्यायचा, आणि गोल त्यांनी करायचा. आपल्या आईसारखंच की, रांधायचं हिनं आणि कौतुक वाढणारीचं! पुढं गुडघा दुखायला लागला. गड्यानं लपवलं, तसाच पळाला, आणि खेळच सुटला. मग ऑपरेशन केलं. आता पोरींना शिकवतो, त्यांच्याबरोबर पळतोसुद्धा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

शनिवारी मॅचला मी डबीतनं दहीसाखर नेली. इलाच्या हातावर ठेवली, तो शेजारी उभा, म्हणून त्याच्याही. चाटूनपुसून त्यानं परत हात पुढं केला! इला म्हणाली, "आजी, ओन्ली वन्स असतं ना?" म्हटलं, "मागतोय तर घेऊ दे गं." आणि जिंकल्या की पोरी!

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन तू परत पुढं ढकललंस, असं तुझी सून फोनवर म्हणाली. रागवत नाही मी. भीती वाटते, ठाऊक आहे. पण दुखणं लपवू नकोस, बाई. दवाखान्यात जायला निघशील तेव्हा सुनेकडून दही घे, आणि हात परत पुढं कर. दुसरं माझं.

तुझ्या फोनच्या वाटेकडं डोळे लावलेली,
अक्का