लाभ न म्हटलेलं माप

माय,

परवा लेकीनं मला मुंबईच्या गोदीतली जुनी गोदामं दाखवायला नेलं. दगडी भिंती, लोखंडी दारं, आत माठासारखा गारवा. आता तिथं लोक तिकीट काढून फोटो काढायला येतात. माहिती सांगणारी बाई म्हणाली, दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी बोटीतून इथंच उतरायची. माझे पायच थांबले. सात समुद्र ओलांडून आलेले दाणे तुझ्या पदरातून माघारी गेले होते. राग आला; कुणाचा ते विचारू नकोस.

लातूरजवळच्या आपल्या मुरुडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला तू खडी फोडायचीस आणि मजुरीत मिलो मिळायची. धान्य मोजताना पहिल्या मापाला आपल्याकडं 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. माप घालणारा गावातल्या बायांना लाभ म्हणत होता. आपल्या बौद्धवाड्याची पाळी आली की 'एक'. पहिलं माप पदरात पडलं आणि तू तशीच उभी राहिलीस.

"लाभ म्हण."

"खैरातीच्या दाण्याला कशाचा लाभ, बाई?"

"खैरात न्हाई, मजुरी हाय. त्यायला म्हणलास, मला बी म्हण. न्हाई तर घे माघारी."

त्यानं खरंच माघारी घेतलं. घरी चूल पेटली नाही. धाकटी तुझा पदर ओढते आहे, तू तिला थोपटतेस, आणि मी भिंतीकडं तोंड करून तुझा राग राग करते. पुढच्या वाटपाला तो खाली मान घालून 'लाभ' म्हणाला, हे खरं. पण मधले दिवस आपण शेजारणीच्या कण्यांवर काढले.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या साली तू गेलीस. धाकटीला तिथंच नोकरी लागली, चांगलं घर झालं. तिचे धान्याचे डबे गळ्यापर्यंत भरलेले असतात. दाण्यात सोंडे किडे झाले तरी टाकू देत नाही. मी बोलले की हसते आणि झाकण लावते.

गोदामात लेकीला हे सगळं सांगितलं. "आजी खरी ताठ होती गं," ती म्हणाली. मी हो म्हणाले, ते खोटं नव्हतं. आमची मान ताठ आहे ती तुझ्यामुळंच. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या जागी मी असते, तर तो 'एक' म्हणाला असता तरी मी पदर पसरला असता.