लाल तबकडीतली उडी

रविवार, ९ मार्च १९९७

चि. टिकटिक यास,

अ. उ. आ. (आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. ते ठेवायचे की परत घ्यायचे, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.)

रविवार, २ मार्च, संध्याकाळी पाच वाजून अकरा मिनिटं. या वेळेला तू मला फसवलंस. वेळ टिपून ठेव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं मी वेळेच्या नोंदीशिवाय कुणाची तक्रार घेतली नाही, आणि रिटायर झाले म्हणून आता तशी करणारही नाही.

मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा आईने घातलेला नियम तुला आठवत असेल, असं मी धरून चालते. रविवारी पाच वाजता दोघांनी आपापल्या घरी एकच संगीत ऐकायचं आणि मग पत्रातून त्यावर भांडायचं. आधी रेडिओ होता, मग कॅसेटी आल्या. एकदा मी भरून पाठवायची, एकदा तू. चाळीस वर्षांत तुझ्या लग्नाचा रविवारसुद्धा चुकला नाही. मांडवातून उठून रेडिओ शोधत फिरलास म्हणून नवरी रुसली होती.

या वेळची कॅसेट मी भरली. पहिला तो व्हायोलिनवाला. वाजवतो चांगला, पण त्याला कुणीतरी एकदा पोटभर हसवायला हवं. दुसरा बायकांचा कोरस. त्यातली एक बाई प्रत्येक ओळीला बाकीच्यांच्या अर्धा श्वास आधी सुरू होते. मला तीच आवडली. तिसरी आपली लाल तबकडी. म्हणजे लाल लेबलच्या तबकडीवरची तीच धून, पण कुणा म्हाताऱ्याने नव्याने वाजवलेली, नुसत्या पियानोवर आणि फार संथ. वेष्टनावर मी फक्त ‘आपली लाल तबकडी’ एवढंच लिहिलं. बाकी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, पाच वाजता दोघांनाही एकदमच कळू दे.

आता तुझं पत्र. तू लिहितोस की क्लॅरिनेट ऐकून बाबा आठवले, आणि ती उडी आली तेव्हा तू खुर्चीतल्या खुर्चीत पाय उचललास.

कुठला क्लॅरिनेट? आणि कुठली उडी?

क्लॅरिनेट आणि चरा, दोन्ही आपल्या जुन्या तबकडीवर होते. तिथे सुई टुणकन पुढे जायची. दुकान बंद करून आलेले बाबा आईला घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती नाचायचे आणि त्या जागी दोघं मिळून उडी मारायचे. मागोमाग आपण दोघं. पाहुण्यांना वाटायचं, नाचच तसा आहे. हळूहळू मलाही तेच वाटायला लागलं. कॉन्व्हेंटमध्ये संगीताच्या सिस्टरला मी ती धून पियानोवर उडीसकट वाजवून दाखवली आणि बोटांवर पट्टी खाल्ली. तुला शिकवणारा लंगडतो का, असं त्यांनी विचारलं. वर्ग हसला. मी आजतागायत त्यांना क्षमा केलेली नाही.

या म्हाताऱ्याच्या पियानोत उडी नाही. तो सरळ चालत जातो. आपल्या घरात जी जागा कधी वाजलीच नाही, ती त्या रविवारी पाच वाजून अकरा मिनिटांनी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. विणकाम खाली ठेवावं लागलं. आणि त्याच मिनिटाला माझा भाऊ म्हणे पाय उचलत होता! म्हणजे तू कॅसेट लावलीच नाहीस. वेष्टन वाचलंस आणि आठवणीतून पत्र खरडलंस. मागची पत्रं पण काढून पाहिली. वर्षभर तू फक्त ‘ठेका छान’ एवढंच लिहितो आहेस. माझी अक्कल काय एक्स्चेंजमध्ये ठेवून आले आहे मी?

खुलासा पाठव. लोभाची लाईन तूर्त तोडली आहे. खुलासा आल्यावर जोडून मिळेल.

तुझी,
ताई

*

१६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमननेही ते लांब धरून दिलं, हात भाजल्यासारखं.

चूक झाली, मान्य. दुकानात काम फार, डोकं ठिकाणावर नसतं. जुनं-नवं एकत्र झालं असेल. फोनवर तुझी समजूत काढली असती, पण दुकानातला फोन मी काढून टाकला. उगाच कटकट.

एक सुचवतो, रागावू नकोस. रविवारचं हे आता थांबवू या का? आपली वयं झाली. तू कॅसेटी शोधत वाचनालयाचे जिने चढतेस, तुझे गुडघे दुखतात. चाळीस वर्षं पुष्कळ झाली. पत्रं मात्र लिहीत जा. गाण्यांबद्दल लिहिलंस तरी चालेल, नेहमीसारखं लांबलचक.

लाईन जोड. लोभाचं बिल मी वेळच्या वेळी भरत आलो आहे.

तुझा,
टिकटिक

*

२३ मार्च

ती. आत्यांना सा. न.

हे पत्र मी मामंजींना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते जेवणात लक्ष देत नाहीत. ते टेबलावरच होतं. मी वाचलं, हा माझा दोष.

आत्या, मामंजींना ऐकू येत नाही. दीड वर्ष होत आलं. आधी उजवा कान गेला, मग डावा. दुकानातली भिंतीवरची सगळी घड्याळं बाराला एकदम ठोके देतात तेव्हा गिऱ्हाईक दचकतं, पण मामंजींची मान वर होत नाही. मनगटी घड्याळं त्यांनी घेणंच बंद केलं. नजर अधू झाली असं सांगतात. नजर तर माझ्याहून चांगली आहे. डॉक्टरांचं नाव काढलं की चिडतात. तुम्हाला कळवते म्हटलं तर त्यांनी शपथ घातली. म्हणाले, ताईने जन्मभर माणसं नुसत्या आवाजावरून ओळखली, बहिरा भाऊ तिच्या काय कामाचा.

ते कॅसेट लावत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र खरं नाही. दर रविवारी पावणेपाचला ते शटर अर्धं ओढतात, कामाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवतात, लांब पेचकसाची मूठ दातांत धरतात आणि टोक टेपरेकॉर्डरच्या पेटीवर टेकवतात. डोळे मिटून तासभर तसेच बसतात. आवाज इतका मोठा की शेजारचे शिंपी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली. दोन तारखेला तर त्यांनी एक पाय उचलला, मग थांबले, पेचकस पुसला, कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. असं तीनदा केलं.

ही तुमच्या घरची रीत असेल तर कळवा, म्हणजे मी शिंप्यांना सांगेन. नसेल तर काय करायचं, तेही कळवा. तुमच्या शब्दापुढे ते जात नाहीत.

माझ्यावर राग नसावा, माया असावी.

तुमची,
सूनबाई

*

पोस्टकार्ड, २८ मार्च

टिकटिक,

तोंडातला पेचकस काढ आणि खरं लिही. सूनबाईला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

ताई

*

६ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

सूनबाईला काही बोललो नाही. तिने मला एवढं सुनावलं की बरं झालं, ऐकू येत नाही.

पेचकसाची युक्ती बाबांची. मोठ्या घड्याळाचं यंत्र कुठे अडतंय ते कळेना, की ते पेचकस दातांत धरून टोक एकेका चाकाजवळ टेकवायचे. ते म्हणायचे, कान फसतो, पण कवटी फसत नाही. कान गेल्यावर मी तेच टेपरेकॉर्डरला लावून पाहिलं. सूर येत नाहीत गं. व्हायोलिन आहे की बाईचा गळा, ते समजत नाही. पण ठेका येतो, दाढेपासून कानामागे जातो. म्हणून ‘ठेका छान’. तेवढं मी खोटं लिहिलं नाही.

बाकीचं तुझ्या पत्रावरून भरतो. तुझं पत्र आलं की तीच कॅसेट पुन्हा लावतो आणि पत्र समोर ठेवतो. ती अर्धा श्वास आधी सुरू होणारी बाई परवा मला व्यवस्थित ऐकू आली. तू लिहिलं नसतंस तर मला ती भेटलीच नसती. मागच्या पत्रात सगळं थांबवू म्हणालो, पण पत्रं मागितली. तिथेच तुला कळायला हवं होतं. तू तर आवाजावरून खोटं ओळखणारी.

दोन तारखेला ठेक्यावरून लाल तबकडी ओळखली आणि पाय उचलला. तेव्हा दात म्हणाले की उडी नाही. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा दात तेच म्हणाले. मी दातांचं ऐकलं नाही, आठवणीचं ऐकलं. क्लॅरिनेटही तिचाच. घड्याळजीला हे शोभत नाही.

आता लपवाछपवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नवी तबकडी पहिल्यांदाच लावली आणि चरा निघाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ग्रामोफोनला किल्ली देण्याचा मान तुझ्याकडून नुकताच माझ्याकडे आला होता. चरा माझ्या नावावर गेला. बाबांनी शिक्षा म्हणून महिनाभर शाळा सुटल्यावर दुकानात बसवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मागून घेतलं आणि तबकडी त्याखाली धरली. सुई घसरली तर चरा गोल जातो. हा आडवा होता, सरळ, आणि शेवटी टोक रुतल्याचा बारीक खळगा. आपल्या घरात असं टोक एकाच वस्तूला होतं: कॉन्व्हेंटच्या कंपासपेटीतल्या तुझ्या कर्कटकाला.

बोललो नाही, कारण तोवर मला दुकान आवडायला लागलं होतं. तो शिक्षेचा महिना अजून संपलेला नाही. बावन्न वर्षं झाली. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

उडीच्या खाली काय दडलं होतं, ते तू ऐकलंस. मला लिहून कळव. मग रविवार बंद करायचा की काय, ते तू ठरव.

तुझा,
टिकटिक

*

रविवार, १३ एप्रिल

चि. टिकटिक यास,

अ. उ. आ. (पूर्ववत.)

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा संतापले, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. आता संतापाचं लिहिते, कारण बाकीचं मला लिहिता येत नाही.

माझ्या कर्कटकाचं तुला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं? आणि बावन्न वर्षं दर रागाच्या वेळी मी तुला ‘तबकडीफोड्या’ म्हणत आले, ते तू ऐकून घेतलंस? मी आईच्या शेवटच्या आजारात तिला सांगायला गेले होते. ती म्हणाली, जाऊ दे, उडीमुळेच तर नाचताना मजा यायची. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बाबांचंही आता मला खात्रीने सांगता येत नाही. सगळ्या घराला माहीत असलेली गोष्ट मी एकटी लपवत बसले होते. याला फसवणूक नाही तर काय म्हणतात?

उडीच्या खाली काय होतं, ते सांगते. विशेष काही नाही. धून दारापर्यंत जाते, थांबते, आणि पहिलंच वाक्य पुन्हा म्हणते, जरा खालच्या सुरात. घराबाहेर पडलेलं माणूस शेगडी विझवली का ते पाहायला परत आत येतं ना, तसं. सगळं ठीक आहे असं पाहतं आणि मग निघतं. एवढंच. एवढंच आपल्या आईबाबांना मी ऐकू दिलं नाही.

बहिरा भाऊ माझ्या काय कामाचा, असं तू सूनबाईला विचारलंस. उत्तर ऐक. चौतीस वर्षं माझ्या कानांत हजारो माणसं बोलली. त्यांतलं एकही माझ्याशी बोलत नव्हतं. रविवारी पाच वाजता माझ्याशी बोलणारं माणूस एकच आहे. ते कानाने ऐकतं की दाढेने, ही त्याची खासगी बाब आहे.

रविवार बंद होणार नाही. यापुढे पत्र आधी येईल, घड्याळातल्या मिनिटांसकट, आणि कॅसेट मागून, म्हणजे तू आठवणीवर विसंबणार नाहीस. मंगळवारी सूनबाईबरोबर कानाच्या डॉक्टरकडे जायचं. चिडायचं असेल तर जाऊन आल्यावर चिड. शिंप्यांना सांग, ही आमच्या घरची रीत आहे.

आणि रविवार, २७ एप्रिलला पाचच्या आत मी दुकानात येते आहे. लाल तबकडी माझ्याकडेच आहे, ग्रामोफोनही आहे. किल्ली तू दे. ती उडी नुसत्या ठेक्यातली आहे, म्हणजे तुझ्या दातांना ती नक्की कळेल. तशी ती मलाही एकदा ऐकायची आहे, तेव्हा माझ्यासाठी दुसरा पेचकस गरम पाण्यात उकळून ठेव.

लोभाची लाईन जोडली आहे. मध्ये खरखर आली तर ती माझ्या स्वभावाची समज.

एक अडचण आहे. माझे वरचे दात खोटे आहेत, खालचे माझे. पेचकस कुठल्या दातांनी धरायचा, ते शुक्रवार, २५ एप्रिलच्या दुपारच्या टपालापर्यंत मला लेखी कळव.

तुझी,
ताई