तीन नंबरची खोली

६ ऑक्टोबर, रविवार

ठरलं! आईला बाहेर काढायचंच. बाबा जाऊन तीन वर्षं होतील आता. ही बाई पोयनाडच्या घरातून फार तर बाजारापर्यंत जाते. किहीमची कॉटेज बघितली, पण शनिवार-रविवार मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेली सगळी मुंबई तिथेच! आईला गर्दी नको. साक्षीला तिच्या आजीबरोबर माकडं बघायचीत. नवरोबांना, म्हणजे परेशला, फक्त झोपायचंय.

शेवटी जंगलातला एक कॅम्प सापडला. रेवदंड्याचा पूल ओलांडून पुढे अर्धा-पाऊण तास. झाडीत पाचच लाकडी खोल्या, खाली तलाव. फोटो छान आहेत. उद्या फोन करते.

७ ऑक्टोबर

फोन लावला. अंबाजी नावाचे कोणी उचलतात, तेच तिथलं सगळं बघतात. मी फक्त "नमस्कार, बुकिंग करायचं होतं" एवढंच म्हटलं, तर म्हणाले, "हां ताई, बोला! तीन नंबरच ना? पान्याकडची?"

म्हटलं, मी पहिल्यांदाच फोन करतेय. मग म्हणाले, "आवाज वळखीचा वाटला."

नऊ आणि दहा नोव्हेंबरचं सांगितलं. एकदा येऊन बघून जाते म्हटलं. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती ते बघायला हवं. "या की. वाट म्हायत हायच तुमाला." — पुन्हा तेच!

११ ऑक्टोबर

साक्षीने यादी केली. टॉर्च, दुर्बीण, बिस्किटं, आजीची उशी. 'आजीची उशी' खाली दोन रेघा!

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी मी आणि परेश जाऊन आलो. साक्षीला आईकडे ठेवलं. नीट सगळं लिहून ठेवते. लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

गाडी खाली लावून चढलो. रस्ता सोपा, पायऱ्या अकराच. झाडी इतकी दाट की भर अकरा वाजता सावली हिरवी दिसत होती. कुठेतरी कोणीतरी शीळ घालत होतं — अगदी माणसासारखी, रमतगमत. परेश म्हणाला, पक्षी आहे. असेल.

वर एक तपकिरी कुत्रा पडला होता. परेशवर भुंकला. माझ्याकडे आला, पायाशी अंग टाकून डोळे मिटून पडला. मी कुत्र्यांना घाबरते. हलताही येईना.

अंबाजींच्या बायकोचं नाव केसर. पन्नाशीच्या असतील. मला बघून हसल्या आणि काही न विचारता आतून खुर्ची आणली. तीन नंबरच्या पुढे, तलावाकडे तोंड करून ठेवली. "बसा. तुमची जागा."

चहा दिला. बिनसाखरेचा! मी दोन चमचे घेते.

परेश हसत होता. म्हणाला, "अहो, आम्ही नवीन आहोत." तेव्हा केसरताईंनी त्याच्याकडे असं बघितलं जणू तोच काहीतरी लपवतोय. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाबांची तारीख जवळ आली. म्हटलं, येतीलच आता."

मी कप खाली ठेवला. कुठली तारीख, विचारलं.

"चौदा नवंबर. तुम्हीच न्हाय का सांगितलंत? दोन सालं येताय. दिसभर हितं बसता, पान्यापल्याड बघत. बोलत न्हाय कुनाशी."

बाबा चौदा नोव्हेंबरलाच गेले. हे त्या बाईला कोणी सांगितलं?

त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. गेल्या वर्षीचा. त्याच खुर्चीत एक बाई, मान जरा वळवलेली. निळी साडी. अशी साडी माझ्याकडे नाही. बाकी नाक, कपाळ, हनुवटी — परेशने फोन हातात घेतला, मोठा करून बघितला. मग म्हणाला, "नेत्रा, ही तू आहेस."



२१ ऑक्टोबर

परेशने भाजी चिरता चिरता विचारलं, "गेल्या वर्षी चौदाला तू आईकडेच होतीस ना?"

"होते."

"मी फक्त विचारलं."

फक्त! तेरा वर्षांच्या संसारात त्याने कधी असं 'फक्त' विचारलेलं नाही. मी आईकडेच होते. बाबांचं श्राद्ध केलं, भटजी आले, कावळा लवकर शिवला. मला सगळं आठवतं! तरी दुपारी आरशासमोर उभी राहून तो फोटो आठवत बसले. ती भांग डावीकडे पाडते. मी मधोमध. बास, एवढाच फरक सापडला.

२३ ऑक्टोबर

आठवायला बसले. चौदा तारखेची दुपार. जेवणं झाल्यावर मी जरा पडले होते. किती वेळ? आठवत नाही. वेड लागेल असं करत राहिले तर.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

अंबाजींना फोन करून म्हटलं, तुमच्या वहीत त्या बाईंनी नाव लिहिलं असेल, फोटो पाठवा. "तुमचंच नाव तुमास्नी कशाला वो?" म्हणाले. पण पाठवला.

अक्षर माझं नाही. देवा, किती हलकं वाटलं! मग नाव वाचलं.

राही दत्तात्रेय म्हात्रे.

लग्नाआधी मी नेत्रा दत्तात्रेय म्हात्रे होते.

परेशला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलो मी." मला रडू आलं. कशाचं, सांगता येत नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

आज आईला विचारलं. दिवाळीत विचारायचं नव्हतं, पण ओवाळून झालं, साक्षी खाली खेळायला गेली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आई, राही कोण?"

आई मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"कुणी सांगितलं?"

वहीचा फोटो दाखवला. चष्मा न लावताच बघितला तिने. मग बोलली, अगदी सपाट आवाजात. बाबा ट्रकवर असताना भाताची भाडी मारायला तिकडे जायचे. तलावापलीकडच्या गावात एक बाई होती. राही तिची. "तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. ह्यांचीच लेक. तोंडावळा लपतो का?" ती बाई वारली, घरही पडलं. आता तिथे काही नाही.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत?

"तू पाचवीत होतीस."

म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं! बाबा ट्रक लावून घरी आले की ही त्यांना गरम पाणी काढून द्यायची. जेवायला वाढायची. सगळं माहीत असून!

मी म्हटलं, कॅम्पचं बुकिंग मोडते.

"मोडू नको. नऊचं बदल. चौदाचं घे."

आई मेथीच्या काड्या गोळा करून उठली. "मी येणार," एवढंच म्हणाली.

५ नोव्हेंबर

चौदाचं मिळालं. पण तीन नंबर नाही. "ती ठेवलेली हाय, त्या ताईंचा फोन आलता," अंबाजी म्हणाले.

९ नोव्हेंबर

आईच्या मनात काय आहे? आयुष्यभर तोंडातून ब्र काढला नाही, ते सगळं त्या पोरीवर काढणार? परेश म्हणतो, आपण असू ना. पण त्याने आईला कधी भडकलेलं बघितलेलं नाही. मी बघितलंय, एकदाच. तेव्हा बाबा आठ दिवस घरी आले नव्हते.

आणि ती? तिने माझ्याकडे बघितलं तर मी काय करायचं? कोण म्हणून बोलायचं? माझे बाबा तिचे किती होते? तिच्या घरी कसे बसायचे, काय खायचे — हे तिला माहीत, मला नाही! राग नक्की कोणाचा येतोय, तेच कळत नाही.

१३ नोव्हेंबर

आईने स्वतः बॅग भरली. मी उघडून बघितली. लाज वाटते हे लिहायला. एक कोरी साडी आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. आई नव्या साड्या नेसतच नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. कॅम्प

ती दुपारी चार वाजता पायऱ्या चढून वर आली. मी बघितलं. मीच चढून येत होते. साक्षीने माझा हात घट्ट धरला. परेश पुढे झाला.

त्याच्याही आधी आई उठली, गुडघ्यांवर हात न टेकवता.

"उशीर केलास. फोनवर दोन म्हणाली होतीस."

"बस चुकली, आई."

आई! माझ्या आईला!

आईने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मग माझ्याकडे वळून, रोज सांगते तशा आवाजात म्हणाली, "नेत्रा, सरक जरा. दमून आलीय ती."