वरच्या पाटाची पाटकरीण

१८ मे १९३४

पाट साफ झाला एकदाचा! घरटी एक माणूस, एक फावडं. बाबांची कंबर धरलेली, म्हणून आमच्या घरचं फावडं मी. पाट सांभाळून घराघराला पाणी वाटून देणारे आमचे पाटकरी क्रेसेन्सिओकाका मला बघून म्हणाले, "आडेलायदा, जेवण घेऊन आलीस का गं?"

"नाही, तुमच्या वाटणीचा गाळ काढायला!"

सगळे हसले. हाताला फोड.

२९ मे

डोंगरात इतक्या उंचीवर मका कणसाला येण्याआधीच गारठतो. येतं ते गवत, म्हणून सगळी गुरंच पाळतात. यंदा गवत पुरुषभर होणार, बाबा म्हणतात. दरवर्षीच म्हणतात!

३ जून

क्रेसेन्सिओकाका खेचरावरून पडले. पाय मोडला. खेचर ठणठणीत.

काकूंचा निरोप — पाण्याची मोजणी तुला येते, ते बरे होईपर्यंत पाटावरून तेवढी चक्कर मार.

९ जून

आज कमाल झाली. टेकडीच्या वळणावर घुशीने बीळ केलेलं, पाट फुटायच्या बेतात! दगड टाकला — गेला. गवताची ढेपळं टाकली — गेली. शेवटी मीच बसले त्यावर. घागरा, परकर, सगळ्यासकट. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते! दीड तास बसले, दात वाजत होते. मग खालच्या कुरणाचा बेनेरांदो घोड्यावरून आला. "इथे काय करतेस?"

"अंडी उबवतेय! माती आण आधी!"

पाट वाचला. मेला गावभर सांगत सुटलाय.

१७ जून

पाटाची बैठक, नवा पाटकरी निवडायला. क्रेसेन्सिओकाकांनी कुबड्यांवर उभं राहून माझं नाव सुचवलं. मला वाटलं थट्टाच. तर एकेक हात वर! बेनेरांदोने दोन्ही वर केले. मी पाटकरीण! बाईमाणूस! घरी येईपर्यंत गालच दुखायला लागले हसून.

२० जून

नदी निम्म्यावर आली. नियम जुना — पाणी घटलं की सगळ्यांत उशिरा वसलेल्याचं आधी बंद. कोण कधी वसलं त्याची गावची वही उघडली. शेवटचं नाव आमच्या आजोबांचं.

पहाटे आमच्याच कुरणात पाणी सोडायच्या दारावर फळी टाकायला गेले. बाबा आधीच उभे होते, कंबर धरून. मागे आमचं अर्धं भिजलेलं कुरण.

मी फळी लावली.

"नीट दाब," बाबा म्हणाले. "गळतंय अजून."