छतावरची तार

काका, परवा दूधविनायकाच्या गल्लीत तुमच्या घरी जाऊन आले. ऑफिसात मी तुम्हाला सर म्हणायची आणि गल्लीत काका. आता ऑफिसही सुटलं, तेव्हा काकाच. काकूंचे कान गेलेत, पण डोकं अजून लख्ख आहे. चहा देता देता त्यांनी मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि तेव्हापासून माझं कशातच चित्त नाही. ते उत्तर सांगायच्या आधी मात्र पंचवीस वर्षं गिळून बसलेय ते सांगायला हवं.

कॉलेजात नेटवर्क आलं तेव्हा मी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होते. तुम्ही मला घेतलंत म्हणून बाकीचे कुजबुजायचे, पंडितजीने अपनी मराठी लड़की बिठा दी. सर्व्हर मुख्य इमारतीत, मी बसायची ती प्रवेशअर्जांची खोली समोरच्या इमारतीत, आणि दोन्हींना जोडणारी तार तुम्ही स्वतः छतावरून नेलेली. तिच्यावर पाइप पावसाळ्यानंतर घालू म्हणालात, कारण प्रवेश तोंडावर आले होते. स्विच म्हणजे गल्लीतला पोस्टमन, हे तुम्हीच मला शिकवलंत. ज्याची चिठ्ठी त्याच्याच दारात टाकतो. आणि एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली, तर तीच चिठ्ठी आतल्या आत फिरत राहते, एकीच्या हजार होतात, आणि दुसऱ्या कुणाची पोचतच नाही. हे मला तोंडपाठ होतं हो! तरी त्या सोमवारी प्राचार्य खोली बघायला येणार म्हणून मी टेबलं आवरत होते, एक तार लोंबकळताना दिसली, आणि मी तिचं टोक समोरच्या स्विचच्या रिकाम्या जागेत खोचून दिलं. दुसरं टोक कुठे जातं ते बघितलं नाही. न विचारता काही जोडायचं नाही, म्हणून आदल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. पण तार खोचणं म्हणजे मला जोडणं वाटलंच नाही, आवरणं वाटलं. घरात आईने तेच शिकवलेलं, लोंबतं काही ठेवायचं नाही.

तासाभरात दोन्ही इमारती ठप्प. फॉर्म भरायला आलेली पोरं दारापर्यंत उभी, पालक ओरडतायत, आणि तुम्ही घामाने निथळत एकेक वस्तू बदलताय. सर्व्हर बदलून बघितला, मुख्य इमारतीतला स्विच बदलला, व्होल्टेज मोजलं. दुसऱ्या दिवशी छतावरची तार काढलीत आणि मुख्य इमारत टुणकन चालू झाली. मग तुम्ही इंटरकॉमवर मला म्हणालात, "तार काढलीय. तुझ्याकडच्या स्विचचे दिवे बघ बरं, शांत झाले का?"

मी बघतेय. शांत कुठले! सगळे एकदम, वेड लागल्यासारखे लुकलुकतायत. छतावरची तार तर निघाली, मग हे काय? मी खाली वाकते, हाताने एकेक तार चाचपत जाते, आणि एका पांढऱ्या तारेची दोन्ही टोकं माझ्या हातात येतात, दोन्ही त्याच स्विचमधून. माझीच तार. काका, त्या क्षणी मला तुम्ही दिसला नाहीत. मला फक्त कच्ची नोकरी दिसली, आणि तो कुजबुजणारा घोळका. मी एक टोक उपटलं. दिवे एकेक करून निवांत झाले. "झाले सर, शांत झाले," मी म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, थांब, तीच तार परत लावून बघतो. तुमचा नेमच तो, काढलेलं परत लावून खात्री केल्याशिवाय दोष ठरवायचा नाही. परत लावली असती तर सगळं सुरळीत चाललं असतं आणि तुम्ही पाच मिनिटांत माझ्यापर्यंत पोचला असतात. मी म्हणाले, "कशाला सर, इतकी पोरं खोळंबलीत, नवीच टाकूया ना." आणि तुम्ही माझं ऐकलंत. उभ्या नोकरीत एकदाच नेम मोडलात, तो माझ्या सांगण्यावरून. तारेवर माकडांचे दात उमटलेले होतेच. संध्याकाळी ती काढलेली तार मी गुपचूप टेस्टरला लावली. आतले आठही धागे ठणठणीत होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "पंडितजी, बिना पाइप के तार डाल दी? बंदरों से तो पूछ लेते!" आणि तुम्ही लेखी दिलंत, चूक माझी. नेटवर्क तुमच्याकडून काढून मला दिलं, माझी नोकरी पक्की झाली, आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत रेकॉर्डच्या खोलीत बसलात. जाताना तुमची तारा दाबायची पक्कड धुतलेल्या पंचात गुंडाळून मला दिलीत आणि म्हणालात, "पोरी, माझ्यासारखी घाई करू नकोस हो." मी वाकून नमस्कार केला. मेले नाही लाजेने, हेच नवल. नंतर म्हणे ब्रह्मा घाटावर स्नानाला आलेल्यांनाही तुम्ही माकडांनी कसं हरवलं ते हसून सांगायचात. घरच्या पंख्याची वायर बदलायलासुद्धा मग तुम्ही बाहेरचा मिस्त्री बोलवू लागलात, हे मला काकूंनी परवा सांगितलं. काका, तुमचे हात काय सुरेख चालायचे! ते हात मी तुमच्याच मनातून उतरवले.

पंख्याचं सांगून झाल्यावर काकूंनी माझा हात धरला. "तू सोबत होतीस म्हणून विचारते गं. ते अखेरपर्यंत तेच घोकत होते. खरंच का यांची चूक होती?" खोलीत आम्ही दोघीच. नोकरी संपलेली, पेन्शन सुरू, मला कुणाचं भय नव्हतं. एक शब्द पुरला असता.

त्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "होती काकू. पण लहानशी."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, बाकी सगळे उगाच म्हणायचे, यांची चूक नव्हती." हे पत्र मी त्यांना वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. नाही दाखवणार, काका. त्यांनी मला गुरुवारी जेवायला बोलावलंय, आणि मला जायचं आहे.